बॉडीने रॉड घेतला नाही म्हणे!

पायात रॉड टाकून तीन-चार महिने झालेले असतात, टाके कधीचेच सुकलेले असतात, पेशंट काठी सोडून चालायला लागलेला असतो आणि मग एक दिवस नडगीवर लहानसा फोड येतो, फुटतो, पिवळट पाणी येतं, बंद होतं, पुन्हा येतं. दाखवायला गेलं की एक वाक्य हमखास मिळतं, "काय आहे ना, तुमच्या बॉडीने रॉड ॲक्सेप्ट केला नाही." आपण मान डोलावतो, घरी येतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगतो. इथे इंदूरच्या मराठी घरांमध्ये, सुदामा नगर असो की रामबाग, हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता ऐकलं की डोकंच फिरतं. स्टीलचा किंवा टायटॅनियमचा रॉड म्हणजे काही दुसऱ्याची किडनी नाही की शरीराने ती परकी म्हणून नाकारावी. धातूची ॲलर्जी असते, नाही असं नाही, पण फार क्वचित. ऑपरेशनच्या जागेतून असा राहून राहून पू येतोय याचा अर्थ बहुतेक वेळा एकच, हाडावर आणि रॉडवर जंतू ठाण मांडून बसलेत. आणि जंतू आले म्हणजे कुठून तरी आले. पण ते कुठून आले हे कुणी विचारू नये म्हणून सगळं खापर बॉडीच्या डोक्यावर, म्हणजे ज्याचा पाय मोडला त्याच्याच डोक्यावर.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे की ऑपरेशननंतर हाडात होणारं इन्फेक्शन प्रत्येक दवाखान्याने मोजलं पाहिजे, तो आकडा बाहेर लोकांना दिसला पाहिजे, आणि ज्याला ते झालं त्याच्या इलाजाचा पैसा इलाज संपेपर्यंत आयुष्मान योजनेने दिला पाहिजे, अर्ध्यावर सोडून नाही. यातलं काहीही आज धडपणे होत नाही.

आधी हे जंतू कोण ते बघू. हाडाच्या इन्फेक्शनमध्ये सगळ्यात जास्त सापडतो तो स्टॅफिलोकोकस ऑरियस, तो तसा जुना गुंड आहे. पण वर्षानुवर्षं रेंगाळणाऱ्या केसेसमध्ये दुसरीच मंडळी बरीच दिसतात, स्यूडोमोनास, एंटरोबॅक्टर, सेराशिया, ॲसिनेटोबॅक्टर, आणि आपल्याच कातडीवर गुपचूप राहणारा स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस. हे सगळे संधीसाधू. धडधाकट माणसाच्या शाबूत कातडीपुढे त्यांचं काही चालत नाही. स्यूडोमोनासला ओल लागते, तो नळाच्या तोंडाशी, बेसिनच्या जाळीत, ओल्या पोछ्यात, उघडून ठेवलेल्या सलाइनच्या बाटलीत, इतकंच काय पाणी घालून पातळ केलेल्या काही अँटिसेप्टिकमध्येसुद्धा मजेत जगतो. ॲसिनेटोबॅक्टर उलटा, तो पलंगाच्या कोरड्या दांड्यावर आठवडेच्या आठवडे टिकतो. हे सगळे वाट बघत असतात एका गोष्टीची, की कुठेतरी कातडी फाटावी, शुगर वाढलेली असावी, रक्तपुरवठा तुटलेला असावा आणि आत एखादी निर्जीव वस्तू असावी. उघडं फ्रॅक्चर, म्हणजे कातडी फाटून हाड उघडं पडलेलं, आणि त्यात बसवलेली प्लेट म्हणजे ही सगळी सोय एकाच ठिकाणी.

निर्जीव वस्तूमुळे किती फरक पडतो याचा एक जुना प्रयोग आहे, 1957 साली एलेक आणि कोनेन या दोघांनी केलेला. स्वतःहून तयार झालेल्या माणसांच्या कातडीत त्यांनी मोजून स्टॅफिलोकोकस टोचले. नुसत्या कातडीत पू व्हायला लाखो जंतू लागले, पण तिथे रेशमी टाक्याचा एक धागा असला की शे-दोनशे जंतूंनी काम भागलं. एक धागा! आणि आपण आत बसवतो वीतभर लांबीची प्लेट आणि आठ-दहा स्क्रू. म्हणून हाडाच्या ऑपरेशन थिएटरमधली निष्काळजी आणि फोड कापायच्या खोलीतली निष्काळजी एका मापाने मोजून चालत नाही.

एकदा का हे जंतू धातूवर किंवा मेलेल्या हाडावर बसले की स्वतःभोवती चिकट थर करतात, बायोफिल्म म्हणतात त्याला, घरातली पाण्याची टाकी आतून बोट फिरवून बघा, जो बुळबुळीत थर लागतो ना तसाच. त्या थराच्या आत जंतू जवळजवळ झोपलेले असतात, वाढत नाहीत, आणि बरीचशी अँटिबायोटिक्स तर वाढणाऱ्या जंतूंनाच मारतात. साध्या मोकळ्या जंतूला जेवढं औषध पुरतं त्याच्या शेकडो पट औषध इथे कमी पडतं. वर आणि मेलेल्या हाडाच्या तुकड्याला रक्तच पोचत नाही, मग रक्तातून जाणारं औषध पोचणार कुठून. म्हणून या आजाराचा खरा इलाज सर्जनच्या हातात आहे, मेलेलं हाड काढा, गरज असेल तर रॉड काढा, पोकळी भरा, आणि मग औषध. नुसत्या गोळ्या-इंजेक्शनवर ठेवलेला पेशंट चार दिवस बरा दिसतो, पू थांबतो, सगळे खूश, आणि दोन महिन्यांनी पुन्हा तीच गोष्ट.

आमच्या कॉलनीतल्या एका काकांचं हेच झालं. रिंग रोडवर स्कूटरला ट्रकचा धक्का, नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर, रॉड पडला, नंतर नासूर, म्हणजे आतून सतत पू वाहणारं छिद्र. कुठल्या दवाखान्यात ते सांगत नाही, सांगून उपयोगही नाही, कारण गोष्ट एका दवाखान्याची नाहीच. काकू रोज ड्रेसिंग करायच्या. गॉजची पट्टी छिद्रातून हळूहळू ओढून काढायची, ती लांबच लांब निघत राहायची, शेवटच्या टोकाला निळसर-हिरवा डाग आणि एक गोडसर, विचित्र वास. हा हिरवा रंग स्यूडोमोनासची खूण असतो, नर्सिंगमधली कुठलीही मुलगी सांगेल. काकूंनी तो रंग डॉक्टरांना सांगितलासुद्धा, उत्तर आलं "स्वॅब पाठवलाय ना". स्वॅब तीनदा पाठवला गेला होता आणि तिन्ही रिपोर्टमध्ये वेगवेगळा जंतू, दर वेळी नवीन जंतू म्हणून नवीन अँटिबायोटिक. काकांचा मुलगा दवा बाजारात जाऊन इंजेक्शनांचे बॉक्स आणायचा, तिथे स्वस्त मिळतात म्हणून.

आता स्वॅबचं हे असं का होतं ते 1978 पासून माहीत आहे. त्या साली अमेरिकेत मॅकोविआक वगैरे डॉक्टरांनी नासुराच्या तोंडावरचा स्वॅब आणि ऑपरेशनमध्ये आतून काढलेलं हाड यांची कल्चर, म्हणजे जंतू वाढवून ओळखायची तपासणी, शेजारी ठेवून बघितली. स्टॅफिलोकोकस ऑरियस सोडला तर दोन्हींचा मेळ फारसा बसत नव्हता. सरळ आहे, छिद्राच्या तोंडाशी कातडीचे, गॉजचे, चादरीचे, सगळ्या गावाचे जंतू जमतात. खरा गुन्हेगार आत हाडात. तो पकडायचा तर पेशंटची तब्येत परवानगी देत असेल तेव्हा अँटिबायोटिक साधारण दोन आठवडे थांबवून, ऑपरेशनमध्ये आतून वेगवेगळ्या जागचे चार-पाच नमुने घ्यायचे, कल्चरला पाठवायचे आणि पॅथॉलॉजीलाही पाठवायचे. पॅथॉलॉजीला यासाठी की आपल्याकडे जुनं हाडाचं दुखणं टीबीचंही निघतं, आणि अनेक वर्षं वाहणाऱ्या नासुरात कॅन्सरही होऊ शकतो, मार्जोलिन अल्सर म्हणतात त्याला. हे सगळं ऑर्थोपेडिकच्या पुस्तकात आहे, नवीन काही नाही. तरी पेन चालतं स्वॅबवर, कारण स्वॅब ओपीडीत दोन मिनिटांत होतो आणि हाडाच्या नमुन्यासाठी थिएटर लागतं.

आणि अँटिबायोटिकचं तर वेगळंच रडगाणं आहे. स्यूडोमोनासवर तोंडाने घ्यायची जी औषधं हाडात नीट पोचतात ती जवळजवळ एकाच घराण्यातली, सिप्रोफ्लॉक्सासिन आणि लिव्होफ्लॉक्सासिन. बाकी सगळी इंजेक्शनं. म्हणजे ही गोळी लागू पडली तर माणूस घरी राहून, दुकानावर बसून, थोड्या पैशांत सहा आठवडे काढू शकतो, आणि नाही पडली तर रोज सलाइन, मेरोपेनेम, अगदीच वाईट वेळ आली तर किडनीवर बसणारं कोलिस्टिन. ही सोन्यासारखी गोळी आपण काय केली? सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्री उशिरा खाल्लं आणि सकाळी पोट बिघडलं की कोपऱ्यावरच्या मेडिकलवरून दोन गोळ्या, चिठ्ठी-बिठ्ठी काही नाही, दोन घेतल्या, थांबलं, उरलेल्या ड्रॉवरमध्ये. घराघरात हे आहे आणि मी काही मेडिकलवाल्यालाच नावं ठेवणार नाही, मागणारे आपणच. 2014 पासून शेड्यूल एच वन नावाचा नियम लागू आहे, भारी अँटिबायोटिक्स विकताना डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव रजिस्टरमध्ये लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं ठेवायचं. तुमच्या ओळखीच्या मेडिकलवर जाऊन ते रजिस्टर बघायला मागा, चेहरा बघण्यासारखा असतो. 2019 च्या जुलैमध्ये मध्य प्रदेशने औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंविरुद्ध राज्याचा ॲक्शन प्लॅनही काढला, असा प्लॅन काढणारं केरळनंतरचं दुसरं राज्य आपलं. कागद चांगला आहे. कोपऱ्यावरच्या मेडिकलपर्यंत तो पोचलेला मला तरी दिसला नाही.

गोळीचा मुद्दा मी उगाच ताणत नाहीये. 2019 च्या जानेवारीत ब्रिटनमधला ओव्हिवा नावाचा मोठा अभ्यास छापून आला, 26 सेंटर, 1054 पेशंट, सगळे हाडा-सांध्याच्या इन्फेक्शनचे. पहिले सहा आठवडे अर्ध्यांना शिरेतून औषध, अर्ध्यांना तोंडाने. एका वर्षाने पाहिलं तर इलाज फसला तो शिरेतून दिलेल्यांमध्ये 14.6 टक्के आणि तोंडाने दिलेल्यांमध्ये 13.2 टक्के. म्हणजे योग्य गोळी निवडली तर सहा आठवडे सुईला टांगून ठेवायची गरज नाही. ज्या देशात माणूस रोजंदारी बुडवून दवाखान्यात पडतो त्या देशाने हा निकाल डोक्यावर घेऊन नाचायला हवं होतं. पण तो निकाल वापरायचा तर आतल्या हाडाचं खरं कल्चर हवं आणि गोळी अजून चालणारी हवी, आणि आपण दोन्हीकडे माती खाल्लीय.

आता पैशांचं. आयुष्मान कार्ड ही चांगलीच योजना आहे, वर्षाला कुटुंबामागे 5 लाख, 2018 पासून किती घरं त्याने वाचवली, त्याबद्दल वाद नाही. पण त्यात डिस्चार्जनंतरचा खर्च किती दिवस? 15. हाडाच्या इन्फेक्शनचं औषध साधारण सहा आठवडे, म्हणजे 42 दिवस, आणि तेही ऑपरेशन एका फटक्यात जमलं तर. सोळाव्या दिवशी पेशंट काय करतो? खिशात असतील तर आणतो, नाहीतर बंद करतो. बंद केलं की अर्धमेले जंतू पुन्हा उठतात, आणि उठतात ते त्या औषधाला ओळखून उठतात. म्हणजे सरकार थिएटरचे, सर्जनचे, भरतीचे पैसे देतं, पुढच्या औषधांचे थोडके पैसे देत नाही, आणि काही महिन्यांनी त्याच पायाच्या दुसऱ्या ऑपरेशनचे पुन्हा देतं. हा कुठला हिशोब?

काकांचं पुढे दुसरीकडे ऑपरेशन झालं. तिथल्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं की रॉड काढावा लागेल आणि सहा सेंटीमीटर हाड मेलंय, तेही जाईल. मग इलिझारोव्ह. सोव्हिएत रशियात कुर्गान नावाच्या शहरात त्याच नावाच्या डॉक्टरने ही पद्धत बसवली, पायाभोवती लोखंडी रिंगा, आरपार तारा, निरोगी हाड वरच्या बाजूला कापायचं आणि तो तुकडा दिवसाला एक मिलिमीटर खाली सरकवत न्यायचा, मागे नवीन हाड भरत जातं. एक मिलिमीटरही एकदम नाही, पाव-पाव करून चार वेळा. काकूंच्या मोबाईलमध्ये चार अलार्म लावलेले, अलार्म वाजला की पोळ्या अर्ध्यावर सोडून त्या दहा नंबरचा पाना घेऊन यायच्या, चश्मा लावायच्या, प्रत्येक नट पाव फेरा, आणि वहीत टिक. सहा सेंटीमीटर म्हणजे नुसतं सरकवायलाच दोन महिने, आणि नवीन हाड पक्कं व्हायला त्याच्या दुप्पट तरी. या सगळ्या वेळात दुकान बंद. मोडलेल्या हाडावर इतका खर्च झाला नव्हता जितका त्यात शिरलेल्या जंतूंवर झाला.

प्रत्येकाने इतकं करावं असंही नाही हां. सत्तरी पार केलेला, शुगर, हार्ट, पायाचा रक्तपुरवठा खराब, अशा माणसाला कधीकधी डॉक्टर सांगतात की थोडा पू वाहतोय तर वाहू दे, ड्रेसिंग करत राहा, मोठ्या ऑपरेशनने फायद्यापेक्षा नुकसान जास्त होईल. सिएर्नी आणि मेडर यांनी 1985 मध्ये या आजाराची जी वर्गवारी केली तिच्यात हाड किती खराब एवढंच नाही, माणूस किती टिकाऊ हेही धरलंय. तो प्रामाणिक सल्ला आहे. तिथे कुणी "बॉडीने घेतलं नाही" म्हणत नाही, खरं काय ते समजावून सांगतात.

आता मोजण्याबद्दल. 2019 च्या ऑगस्टमध्ये आपल्याच शहरात मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर इन्फेक्शन होऊन 11 जणांची नजर गेल्याच्या बातम्या आल्या, चौकशी बसली, देशभर गाजलं. गाजलं कारण सगळे एकाच वेळी आजारी पडले, एकाच थिएटरमधून आले. हाडाचं इन्फेक्शन असं येत नाही. एक जानेवारीत, एक एप्रिलमध्ये, एक पुढच्या दिवाळीत, एक देवासचा, एक खरगोनचा, आणि पहिल्या दवाखान्यावर राग धरून प्रत्येक जण दुसऱ्याच दवाखान्यात जातो. पहिल्या सर्जनला पत्ताच लागत नाही की आपल्या थिएटरमधून गेलेल्या चार जणांच्या हाडात एकच स्यूडोमोनास निघालाय आणि कदाचित हात धुवायच्या नळातच काहीतरी आहे. म्हणजे तो निष्काळजीच असेल असंही नाही, त्याला दिसतच नाही. मोजलं नाही तर चांगल्या सर्जनलाही कळत नाही, आणि वाईटाला तर कळून घ्यायचंच नसतं.

आपल्याकडे टीबीचा पेशंट सरकारला कळवणं 2012 पासून बंधनकारक आहे, प्रायव्हेट डॉक्टरलासुद्धा. इंग्लंडमध्ये 2004 च्या एप्रिलपासून हाडांच्या ऑपरेशननंतरची इन्फेक्शनं मोजणं सरकारी दवाखान्यांना सक्तीचं केलंय, आणि तेही सगळं वर्षभर नाही, निदान एका तिमाहीचं, निदान एका प्रकारच्या ऑपरेशनचं. इतकी लहान सुरुवात. आपल्याकडेही एनएबीएचचं, म्हणजे दर्जाचं, सर्टिफिकेट घेतलेल्या दवाखान्यांना हा दर आपल्या रजिस्टरमध्ये ठेवावाच लागतो. म्हणजे बऱ्याच ठिकाणी आकडा आहे, फक्त कपाटात आहे. लॉबीत सर्टिफिकेटची फ्रेम लागते, आकडा लागत नाही. आणि हे त्या शहरात, जे 2017 पासून स्वच्छतेत पहिलं म्हणून मिरवतं, जिथे घरोघरी येणाऱ्या गाडीवाल्याला ओला कचरा सुक्यात टाकलेला चालत नाही.

यावर डॉक्टर मंडळी जे म्हणतात ते मी ऐकलंय आणि त्यात दम आहे. आकडे छापले तर अवघड पेशंट कुणी घेणारच नाही. एबी रोडवरच्या ट्रकखालून चिखल-मातीने भरलेला पाय आला, डायबेटिस आहे, दिवसाला बंडलभर बिडी आहे, त्याला इन्फेक्शन होणारच, मग त्याला सगळे एमवायचा, म्हणजे इथल्या मोठ्या सरकारी दवाखान्याचा, रस्ता दाखवतील, आणि एमवायचा आकडा सगळ्यात वाईट दिसेल, कारण सगळ्यात वाईट पाय तिथेच येतात. खरं आहे. म्हणून उघडी फ्रॅक्चर वेगळी मोजा आणि सुरुवातीला ती छापूच नका. गुडघा बदलण्याचं ऑपरेशन आणि बंद फ्रॅक्चर एवढंच छापा. तिथे पेशंट चांगला तयार करून घेतलेला असतो, शुगर आटोक्यात आणायला वेळ असतो, इन्फेक्शन शंभरात एक-दोनच्या आसपास असायला हवं. तिथे कुणाचा आकडा पाच-सहावर जात असेल तर बिडीला दोष देऊन भागणार नाही. उघड्या फ्रॅक्चरमध्ये आकड्याऐवजी वेळ मोजा, पेशंट दारात आल्यापासून पहिलं अँटिबायोटिक किती मिनिटांत गेलं. 1974 मध्ये पॅट्झाकिस यांच्या अभ्यासात उघड्या फ्रॅक्चरला अँटिबायोटिक न मिळालेल्यांपैकी जवळपास 14 टक्के लोकांना इन्फेक्शन झालं, सेफॅलोथिन नावाचं अँटिबायोटिक मिळालेल्यांमध्ये 2 टक्क्यांच्या थोडं वर. आणि ते इंजेक्शन एक्स-रेच्या आधी, कॅश काउंटरवर डिपॉझिट भरायच्या आधी जाऊ शकतं. जातं का, हे लिहून ठेवायला काय लागतं? एक घड्याळ.

आपल्या बाजूच्याही दोन गोष्टी बोलायला हव्यात. पाय मोडला की आधी हाड बसवणाऱ्या पहलवानाकडे जाऊन घट्ट पट्टी बांधून घेणारे, जखमेत हळद आणि राख भरणारे, टाके ओले असताना बिडी ओढणारे आपल्यातच आहेत. तेही इन्फेक्शनचं कारण आहे. पण हे सर्जनने तोंडावर सांगावं, फाईलवर लिहावं. "बॉडीने घेतलं नाही" यात ना त्याची चूक कळते ना आपली.

शेवटची अडचण सांगतात ती पाठपुराव्याची, की पेशंट परत येतच नाही तर मोजायचं कसं. अमेरिकेत इम्प्लांटवाल्या ऑपरेशनला आधी एक वर्ष बघायचे, 2013 पासून 90 दिवस केले. मला विचाराल तर हाडाला 90 दिवस कमी आहेत, काकांचा फोडच त्यानंतर आला. पण 90 तर 90. डिस्चार्जच्या कागदावर मोबाईल नंबर असतोच, तिसऱ्या महिन्यात आणि वर्षाने एक-एक फोन, पू येतोय का, लाली आहे का, दुसरीकडे दाखवलं का. बस. आणि आयुष्मानच्या पॅकेजमध्ये हाडाच्या इन्फेक्शनपुरते 15 दिवसांचे 42 दिवस करायचे असतील तर त्याला ना नवीन दवाखाना बांधावा लागतो ना मशीन घ्यावं लागतं. सुरुवात करायचीच तर मी तिथून करीन, कारण आत्ता या घडीला कुणीतरी सोळाव्या दिवशी मेडिकलच्या काउंटरवर उभा राहून गोळ्यांची पट्टी अर्धी कापून मागत असेल.